कादंबरी उसवणारी बाई

त्या दिवशी सकाळी दूध गॅसवर होतं, नवरा एक मोजा घालून दुसऱ्याच्या शोधात पलंगाखाली शिरला होता आणि सासूबाई खिडकीत उभ्या राहून समोरच्या इमारतीच्या बातम्या देत होत्या.

"तिसऱ्या मजल्यावर आजही चादरीच वाळत घातल्यात. काल चादरी, आज चादरी. एक तर पाहुणे आलेत, नाहीतर कुणीतरी अंथरूण ओलं करतंय."

"असू दे ना आई," पलंगाखालून आवाज आला.

"असू दे कसं? पाहुणे असते तर दाराबाहेर चपला दिसल्या नसत्या?"

तेवढ्यात दारावर टकटक झाली. आमच्या दाराला बेल आहे आणि ती वाजतेही. तरी ठोठावणारी बाई आमच्या ओळखीत एकच. ती शिवताना बोटात घालायच्या धातूच्या टोपीने ठोठावते, त्यामुळे आवाज असा खणखणीत येतो की झोपलेलं मूल उठून बसावं. मी दार उघडलं. टाचणीताई उभी होती, अंगात थंडीचा कोट. छातीशी कापडात गुंडाळलेलं काहीतरी धरलेलं, आणि चेहरा असा की हिला एक तर बक्षीस लागलंय किंवा हिने कुणाला तरी मारलंय.

"वहिनी, आधी दूध बघा," ती म्हणाली.

मी मागे वळेपर्यंत दूध शेगडीवर उतरलं होतं.

टाचणीताई म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी, जिन्याखालच्या जागेत कपडे दुरुस्त करणारी बाई. जागा एवढीशी की मशीन, ती आणि एक गिऱ्हाईक आत गेलं की चौथ्याने रस्त्यातूनच बोलायचं. नवा कपडा ती शिवत नाही. कुणी आग्रह केला तर म्हणते, "शिवणारे पुष्कळ आहेत, बिघडवणारेही तेच. मी निस्तरणारी." डाव्या खांद्यावर कापडाची छोटी गादी कायमची शिवलेली, तिच्यात टाचण्या. दोन-तीन टाचण्या ओठांतही. त्या ओठांत ठेवूनच ती बोलते, हसते, भांडते. आजवर एकही गिळलेली नाही, हे ती अभिमानाने सांगते.

शाळा चौथीपर्यंत. पुढे सोळा वर्षं शर्टाच्या कारखान्यात फक्त काजं केली. कॉलर दुसरीची, बाही तिसरीची, हिची फक्त काजं. वाचनाचा नाद लागला तोही तिथलाच. मापाचे नमुने जुन्या वर्तमानपत्रांतून कापायचे, आणि जेवणाच्या सुट्टीत ही ते वाचायची. बाहीवर अर्धा खून असायचा, पाठीवर एका प्रेमकथेचा मधला तुकडा. खुनी कोण ते खांद्याच्या गोलाईत कापलेलं. उरलेलं तिने मनाने जुळवायचं. अशी सोळा वर्षं.

वाचनालयाचं कार्ड तिला मिळालं ते पडद्यांमुळे. तिथले पाच पडदे धुतल्यावर आटून खिडकीच्या गुडघ्यापर्यंत आले होते. हिने त्यांचे काठ उसवून, आतलं कापड सोडून ते पुन्हा जमिनीला टेकवले. ग्रंथपालबाई खूश झाल्या, काय हवं ते माग म्हणाल्या. हिने कार्ड मागितलं. कार्डाला एक हमीदार लागतो. तिथे सही माझी. त्यामुळे ते कार्ड थोडं माझंही आहे.

तिने टेबलावर गुंडाळी ठेवली आणि कापड सोडलं. आत वाचनालयाचं पुस्तक होतं. म्हणजे मुळात पुस्तकच असावं. त्याच्या तिन्ही बाजूंनी दोरे बाहेर आले होते. लाल, निळे, पिवळे. मधूनच उघडलं तर समासात नीट, एकसारखे कच्चे टाके.

"बाई गं," सासूबाई खिडकी सोडून आल्या, "हे विणलंय का?"

"खुणा आहेत, आई. सत्तावन्न."

"ताई," मी म्हटलं, "वाचनालयाचं पुस्तक आहे हे!"

"तर! म्हणून तर. तिथे पाटीच लावलीय. पेनने, पेन्सिलीने लिहू नये. पाने दुमडू नयेत. मी शाईचा ठिपका पाडलेला नाही की कोपरा मोडलेला नाही. सगळं कच्च्या टाक्याने. ओढला की निघतो." ती अभिमानाने बसली. "आज परत करायचंय. मी एवढंच विचारायला आले, की दोरे काढून देऊ का राहू देऊ? पुढच्या वाचणाऱ्याला उपयोगी पडतील."

मी एक दोरा हलकेच ओढून पाहिला. दोरा आला, त्याच्याबरोबर समासाचा कपटाही आला. कागद जुना, पिवळा पडलेला. उरली ती भोकं चाळणीसारखी.

टाचणीताईने ती भोकं पाहिली. मग माझा चेहरा पाहिला. मग ओठांतल्या टाचण्या एकेक काढून गादीत खोचल्या. ही गोष्ट मी पहिल्यांदाच बघत होते.

"कार्ड जाईल?"

"जाऊ शकतं," मी म्हटलं. "पुस्तक खराब केलं की कार्ड रद्द. नियमच आहे."

"चौपन्न वर्षांची झाले, वहिनी. आत्ता कुठे अख्खी गोष्ट वाचायला मिळते. नाहीतर सारी बाहीपुरतीच."

नवरा पलंगाखालून दुसऱ्या मोज्याशिवायच बाहेर आला. सासूबाईंनी मात्र खुर्ची ओढली. "कार्डाचं नंतर बघू. आधी मला सांग, लाल कशासाठी?"

आणि झालं. टाचणीताईचा चेहरा असा उजळला की कार्डाची काळजी कुठल्या कुठे पळाली.

पुस्तक एका अमेरिकन कादंबरीकाराचं, शंभरेक वर्षांपूर्वीचं, आपल्या भाषेत आणलेलं. मलपृष्ठावर त्याचा फोटो. नाकाखाली झुडूप उगवल्यासारखी मिशी. टाचणीताई त्याला मिशीवालाच म्हणते. एका बंदराच्या शहरात शर्टाच्या कारखान्यात शिवणारी एक मुलगी. तिचं काम जातं, खोली जाते, गावाकडे बोलावणारं भावाचं पत्र कोटाच्या फाटक्या खिशातून हरवतं, आणि शेवटी भर हिवाळ्यात, गोठलेल्या नदीवर सांडलेला कोळसा वेचताना पायाखालचा बर्फ फुटतो. चोवीस प्रकरणं, आणि प्रत्येकात एक पायरी खाली.

"मी मागून वाचलं," टाचणीताई म्हणाली.

"मागून?"

"मग? कपडा कसा शिवलाय ते कळायचं तर शेवटच्या शिलाईपासून उसवत जायचं. पुढून उसवलात तर हातात नुसत्या चिंध्या." तिने हात पसरले. "आणि काय सांगू वहिनी! पहिल्यांदा बघते तर पोरगी नदीत. म्हटलं, अरे देवा. पण तेविसाव्या प्रकरणात चांगली काठावर उभी! एकविसाव्यात डोक्यावर छप्पर आलं. एकोणिसाव्यात अंगावर कोट चढला. तेराव्यात ताप उतरला, बाराव्यात नोकरी लागली, दहाव्यात तर शिट्टी वाजवत जिना चढतेय! एवढं कुणाचं भलं झालेलं मी आजवर कुठे वाचलं नाही. एका पानावर मी मशीन थांबवून टाळ्या वाजवल्या. गिऱ्हाईकाला वाटलं, त्याची पँट मापात बसली म्हणून."

नवरा हसता हसता भिंतीला टेकला. सासूबाई हसल्या नाहीत, त्या गुंतल्या होत्या. "मग लाल?"

"लाल म्हणजे इथे मिशीवाल्याने ओढलंय. कापड जात नव्हतं, याने ताणून बसवलं. निळा म्हणजे खरं. पिवळा म्हणजे इथे कापड कमी आहे."

"निळे किती?"

"एकतीस." तिने एक पान उघडून माझ्यापुढे केलं. "हे वाचा."

मी वाचलं. कारखान्यात मुलीच्या बोटातून मशीनची सुई आरपार जाते. ती ओरडत नाही. आधी शर्टावर पडलेला रक्ताचा थेंब जिभेने ओला करून पुसते, मग बोटाकडे बघते.

"हे ज्याने लिहिलं त्याने हे पाहिलंय," टाचणीताई हळू म्हणाली, आणि स्वतःची तर्जनी वर केली. नखाखाली एक जुना पांढरा डाग होता. "म्हणून तर राग येतो. एवढं सगळं दिसलं बाबाला, आणि तरी नको तिथे ताणतो."

नऊ वाजता वाचनालय उघडतं. मी आणि टाचणीताई निघालो तर दारात सासूबाई कोट घालून उभ्या. "मी पण येते. घरी बसून मला काय कळणार आहे?"

वाटेत मी मनात वाक्यं जुळवत होते. ग्रंथपालबाईंना काय सांगायचं, कुठून सुरुवात करायची. एक गोष्ट मात्र मी टाचणीताईला सांगितली नव्हती. त्या कादंबरीचं भाषांतर करणारे सर रोज सकाळी वाचनालयात वर्तमानपत्र वाचायला येतात. निवृत्त प्राध्यापक. मिशीवाल्यावर तीस वर्षं शिकवलं त्यांनी. दर वर्षी वाचकमंडळात त्यांचं एक व्याख्यान असतं, आणि विषय दर वर्षी तोच. मी देवाजवळ एवढंच मागत होते, की आज त्यांना सर्दी झालेली असावी.

सर्दी नव्हती. ते खिडकीजवळ, टाचणीताईनेच लांबवलेल्या पडद्याशेजारी बसले होते.

ग्रंथपालबाईंनी पुस्तक हातात घेतलं. चष्मा वर केला, खाली केला.

"याला केस कसे आले?"

टाचणीताईने सगळं सांगितलं. पाटी, पेन, पेन्सिल, कच्चा टाका. लपवलं काही नाही. माझी जुळवलेली वाक्यं माझ्याजवळच राहिली.

"टाका!" ग्रंथपालबाई म्हणाल्या. "पुस्तकाला टाका! अहो, ही शेवटची प्रत आहे. आता कुठे मिळतही नाही. दंड घेऊन मी काय करू? कार्ड द्या इकडे."

टाचणीताईने पिशवीतून कार्ड काढलं. चार कोपऱ्यांना तिने कापडाची किनार शिवली होती, झिजू नये म्हणून. ते टेबलावर ठेवताना तिचा हात थोडा रेंगाळला.

"कुठलं पुस्तक?" खिडकीतून आवाज आला. सर काठी टेकत आले, त्यांनी पुस्तक पाहिलं आणि त्यांचा चेहरा, भर लग्नात नवऱ्यामुलाचा फेटा कुणी उडवावा तसा झाला. "हे माझं भाषांतर आहे."

"तुमचं?" टाचणीताई एकदम म्हणाली. "वा! मग तुम्हालाच विचारते. लाल दोरे बघा."

"ताई," मी कोपर मारलं.

"अहो, नाहीतरी कार्ड गेलंच की! आता घाबरून काय मिळणार आहे?"

सर बसले. त्यांनी आधी तिला समजावलं, वर्गात समजावतात तसं. हा निसर्गवादी लेखक, ते म्हणाले. तो माणसाकडे प्रयोगशाळेतून बघतो. माणसाला ढकलतं ते त्याचं रक्त, त्याची परिस्थिती आणि त्याची भूक. लेखक कुणाला ढकलत नाही, हात लावत नाही. तो फक्त माप घेतो.

"सर, मी रोज मापं घेते," टाचणीताई म्हणाली. "नुसती टेप लावली तरी माणूस पोट आत घेतो. हात न लावता माप कुणी घेतलंय?"

ग्रंथपालबाईंनी कार्ड खणात टाकायला उचललं होतं, ते हातातच राहिलं.

"बरं, लाल दाखवा," सर म्हणाले.

तिने खिशाचं पान काढलं. "पोरगी शिवणकाम करणारी. कोटाचा खिसा तीन हिवाळे फाटका ठेवेल? आणि खिशातून पडलेलं पत्र जातं कुठे? अस्तरात, खाली काठाशी. चालताना खसखस वाजतं. तिला कळत नाही? याला पत्र हरवायचं होतं म्हणून याने तिला बहिरी केली."

सर हसले. आतापर्यंत हसले नव्हते. "तुमच्या कोटाचा खिसा दाखवता?"

"माझ्या?"

"तुमच्याच."

टाचणीताईने ऐटीत उजव्या खिशात हात घातला. हात गेला, मनगट गेलं, कोपरापर्यंत गेला. ती थबकली. मग तिने कोटाचा काठ चाचपला. सगळ्यांदेखत अस्तराच्या फटीतून एकेक वस्तू बाहेर येऊ लागली. खडूचा तुकडा, चार बटणं, कुणाच्या तरी पँटची चेन, सासूबाईंनी "हरवली" म्हणून दोन महिने शोधलेली मापाची चिठ्ठी, आणि शेवटी घडी घातलेला एक कागद. ग्रंथपालबाईंनी तो उलगडला. पुस्तक परत करण्याची वाचनालयाची सूचना. आठ दिवसांपूर्वीची.

"दिव्याखाली अंधार," सर म्हणाले.

मग सगळ्यांत आधी टाचणीताईच फुटली. पोट धरून हसली. ग्रंथपालबाई स्वतःच "शांतता राखा" या पाटीखाली तोंडाला रुमाल लावून बसल्या. टाचणीताईने डोळे पुसले, ते पान उघडलं आणि लाल दोरा हलक्या हाताने, कागद बोटाने दाबून धरत, अख्खा काढला. मी ओढला होता तेव्हा कपटा आला होता. तिच्या हाताला ठिपकाभरही जास्त फाटलं नाही. मग सुईत निळा ओवला आणि त्याच भोकांतून घातला.

"मिशीवाला जिंकला," ती म्हणाली. "हे खरं लिहिलंय त्याने. माझीच अक्कल कमी."

"माझ्यासमोर टाका घालताय?" ग्रंथपालबाई म्हणाल्या, पण त्यांनी थांबवलं नाही.

सर आता पुढे सरकून बसले होते. "आणि हे पिवळे? सगळे चौदा ते अठराच्या मध्येच दिसतात."

"तिथे कापड कमी आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे बघा. पोरगी सहा बिऱ्हाडांच्या इमारतीत राहते. सहा! आजारी पडते, कामावर जात नाही, नऊ आठवडे खोलीतून हलत नाही. आणि कुणी दार वाजवत नाही."

सरांचे डोळे चमकले. हा त्यांचा व्याख्यानाचा मुद्दा होता, मी तो चार वेळा ऐकलाय. "तेच तर! महानगराचं एकटेपण. कुणाला कुणाची दया नाही."

"दया नसेल, सर. मी कुठे म्हणते दया असते? पण चौकशी? भोचकपणा? तो कुठे गेला? भाकरी देणार नाहीत, मान्य. पण काम का सुटलं, एवढी खोकते कशाने, रात्री कोण आलं होतं, हे विचारायला कुणी येणार नाही? तुमचं ते रक्त, परिस्थिती आणि भूक... यात शेजारीण धरायची राहिलीय."

"तो काळ वेगळा, तो देश वेगळा," सर म्हणाले. "मोठ्या शहरात कोणी कोणाला विचारत नाही."

"तुमचे बूट नवीन दिसतात," सासूबाई म्हणाल्या.

सरांनी वळून पाहिलं.

"नाही, पण नाडी एकाच बुटाची बांधलीय, म्हणून म्हटलं. वाकता येत नाही का? एकटेच राहता? मुलगा कुठे असतो? कोटाला बटण पण एक कमी आहे."

"मुलगी... परगावी," सर गोंधळून म्हणाले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण उत्तर देतोय. टाचणीताईने सासूबाईंकडे हात करून नुसतं म्हटलं, "घ्या."

पण ती तेवढ्यावर थांबली नाही. तिने सोळावं प्रकरण उघडलं. "इथे तिच्या खोलीत काय काय आहे ते मिशीवाला सगळं सांगतो. एक पलंग, एक कप, एक मेणबत्ती. त्याची नजर बारीक आहे, तो चमचा विसरत नाही. आता सतरावं बघा. खिडकीत वाडगं आहे. निळ्या काठाचं. कुठून आलं? ती तर उठलेली नाही. आणि दाराची कडी सोळाव्यात तुटकी, सतराव्यात दोरीने बांधलेली. कुणी बांधली?" ती सरांकडे बघत होती, पण आता तिच्या आवाजात भांडण नव्हतं. कापड बोटांत धरून जुनी शिलाई शोधावी तशी ती बोलत होती. "सर, मोठ्या कोटाचा लहान केला की असं होतं. कापलेलं दिसत नाही, पण खिसा एका बाजूला सरकलेला राहतो. इथे काहीतरी होतं. कुणीतरी काढलंय. आणि काढणाऱ्याला वाडग्याची आठवण राहिली नाही."

मी पुस्तक चार वेळा वाचलंय. ते वाडगं मला कधी दिसलं नव्हतं.

सरांनी काठी गुडघ्यांत धरली. सतरावं प्रकरण मागे-पुढे चाळलं. मग त्यांचे कान लाल झाले. सत्तर वर्षांच्या माणसाचे कान असे लाल होताना मी पाहिले नव्हते.

"अकरा पानं," ते म्हणाले. "वरच्या मजल्यावरची एक विधवा आहे मुळात. रोज दार ठोठावते. मीठ मागायला येते, नको ते प्रश्न विचारते, स्वतःच्या जावयाला शिव्या देते, कडी बांधते. वाडगं तिचंच. मी एकतीस वर्षांचा होतो. मला वाटलं, एवढ्या गंभीर शोकांतिकेत हे काय, लोक हसतील. लेखकाचा हात घसरला असं मला वाटलं. म्हणून मी..." त्यांनी दोन बोटांची कात्री करून दाखवली.

"आणि मग तीस वर्षं शिकवलंत की कुणी दार वाजवत नाही!" ग्रंथपालबाई म्हणाल्या.

"मग तीस वर्षं शिकवलं," सर म्हणाले, आणि ते हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग काठी पडली, मग आम्ही सगळ्याच. सासूबाईंना हसताना "काय शिव्या देते ती?" एवढं विचारायचं भान होतं.

"म्हणजे मिशीवाला सुटला," टाचणीताई म्हणाली. "बिचारा! मी त्याला काय काय बोलले मशीनवर."

"पण ती विधवा येऊनही मुलगी वाचत नाही हो," सर म्हणाले. "मुळातही बर्फ फुटतोच."

"न वाचू दे. कुणी विचारलं तर होतं ना." तिने सतराव्यातला पिवळा दोरा बोटाने सरळ केला. "त्याने फरक पडतो, सर. उसवून बघा, पडतो."

सरांनी खिशातून छोटी वही काढली आणि तिचं वाक्य उतरवून घेतलं. तारीखही घातली.

ग्रंथपालबाईंनी आता दोघांना समोर घेतलं. एका हातात कार्ड, एका हातात पुस्तक.

"यांनी दोरे घातले. ते निघतात, मी आत्ता पाहिलं. तुम्ही पानं कापलीत, ती तेव्हापासून निघालेलीच आहेत. मग या प्रतीचं नुकसान जास्त कुणी केलं?"

"मी," सर लगेच म्हणाले. "ती अकरा पानं मी महिनाभरात करून देतो. यांनी ती शिवून आत घालावीत. टाके राहू द्या बाई, मला ते सगळे बघायचे आहेत. आणि या वर्षीचं व्याख्यान मी देणार नाही. या देतील."

"मी? व्याख्यान?" टाचणीताईने खांद्यावरून एक टाचणी काढून ओठांत धरली, म्हणजे सुचेनासं झालं. "मागून सुरू केलं तर चालेल का?"

"मागूनच करा." सर पानं चाळत होते, दोरे मोजत, मधूनच मान हलवत. सुरुवातीपाशी ते थांबले. "पण पहिल्या दोन प्रकरणांत एकही दोरा नाही. लाल नाही, निळाही नाही. इथे काहीच म्हणायचं नाही तुम्हाला?"

टाचणीताई उत्तर द्यायला गेली आणि थांबली. ग्रंथपालबाईंनी कार्ड तिच्यापुढे सरकवलं होतं. किनारीचं कापड त्यांनी अंगठ्याने नीट बसवलं होतं.

"घ्या. आणि आता सांगा, काय हवं तुम्हाला? मागच्या वेळी पडद्यांचं विचारलं होतं, आज वाडग्याचं विचारते."

टाचणीताईने कार्ड उचललं, दोन्ही हातांनी. मग पुस्तकाकडे पाहिलं.

"बाई, ती दोन प्रकरणं माझी वाचायची राहिलीत. पोरगी अजून गावी घरी पोचलेली नाही. पुस्तक आठ दिवस वाढवून द्या."